हरलेल्या हंगामाचं खापर

आमच्या मुलाचा फुटबॉलचा संघ गेल्या हंगामात गुणतालिकेत अगदी तळाला गेला. कुणामुळं गेला, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. लातूरच्या एका मुलींच्या शाळेत मी गणित शिकवत निवृत्त झाले. उत्तर चुकलं की कुठल्या पायरीला चुकलं तिथं बोट ठेवायचं, ही माझी सवय. मुली त्यासाठी मला घाबरायच्या आणि त्या घाबरतात म्हणून मी मनातून खूश व्हायचे. पण या एका गणितात मी पायरीपायरीवर अडखळले, आणि बाकी सगळ्यांनी आपापलं उत्तर आधीच काढून ठेवलं होतं.

लातुरात राहणाऱ्या माणसाचा मुलगा फुटबॉल खेळतो, हेच मुळात लोकांना पचत नाही. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घराच्या वरच्या मजल्यावर क्लासची पोरं भाड्यानं राहतात, आणि सगळी डॉक्टर व्हायला आलेली असतात. मी गणिताची बाई, म्हणजे माझ्या मुलाचं काय होणार ते लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. तो मात्र सुट्टी लागली की नांदेडला मामाकडं पळायचा, तिथल्या पोरांत खेळायचा आणि गुडघे फोडून यायचा. पुढं एकेक पायरी चढत तो समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरातल्या व्यावसायिक संघात पोचला. डाव्या बाजूनं बचाव करायचं काम, लेफ्ट बॅक म्हणतात त्याला. लग्नाकार्यात लोक विचारायचे, मुलगा काय करतो. मी सांगायचे, फुटबॉल खेळतो. "ते झालं हो, पण करतो काय?" असा पुढचा प्रश्न ठरलेला. टीव्हीवर दिसायला लागला तेव्हा कुठं हा प्रश्न बंद झाला.

सून नांदेडची, दातांची डॉक्टर. घराणं मूळ बिलोलीकडचं, पण वडिलांच्या नोकरीमुळं सगळे नांदेडलाच स्थिरावलेले. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीनं मुलाला काय विचारावं, तर "खेळताना दातांना काही लावता का?" आमचा मुलगा गडबडून म्हणाला, न्हाई. तिनं मान हलवली. "लावत जा," असं म्हणून पोह्यांची बशी त्याच्यापुढं सरकवली. मला ती तिथंच आवडली.

आता लग्नातल्या त्या मापाचं सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं असं आमच्या नातेवाइकांचं म्हणणं आहे.

लग्न लागून वरात घरी आली. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवलेलं. नव्या नवरीनं उजव्या पायानं ते हलकेच लवंडायचं आणि लक्ष्मीच्या पावलानं घरात यायचं, ही रीत सगळ्यांच्या घरची. सूनबाईनं पाय उचलला. तेवढ्यात आमचे चिरंजीव तिच्या कानात बोलले, पण आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "हळू कशाला, गोल मार की." पोरं हसली. तिलाही हसू आलं, आणि तिनं खरंच हाणलं. माप उडालं ते थेट टीव्हीच्या टेबलाखाली. तांदूळ बैठकीभर. सगळ्यात जास्त हसल्या त्या रेणापूरच्या माझ्या थोरल्या जाऊबाई. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "आली बाई घरात दुसरी खेळाडू." नंतर कितीतरी दिवस मी झाडू मारला की सोफ्याखालून तांदूळ निघायचे.

मग हंगाम सुरू झाला आणि संघ हरायला लागला. एक सामना गेला, दुसरा गेला. एखादा बरोबरीत सुटला की आमच्या घरी गोडाचा शिरा व्हायचा, इतकी वाईट अवस्था.

माझे मिस्टर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सामना असला की ते शेंगांची फोलपटं टीपॉयवर मांडायचे. एका बाजूला आपली, एका बाजूला त्यांची. आपला मुलगा म्हणजे एक अख्खी शेंग, फोडायची नाही. मग ते मला समजावायचे की कोच या शेंगेला फार पुढं पळवतो, मागं भगदाड पडतं, आणि गोल झाला की लोक शेंगेला शिव्या देतात. "आमच्या खात्यात तेच. कालवा फुटला की चौकशी बसायची. जबाबदारी निश्चित करा म्हणायचे. वरून एकेक जण अंग काढून घेणार आणि शेवटी कुणावर यायचं? रात्रंदिवस कालव्यावर फिरणाऱ्या माणसावर." त्यांच्या मते कोच दोषी. नांदेडच्या माझ्या भावाच्या मते परदेशातून आणलेला तो उंच स्ट्रायकर दोषी, जो पडायचा जास्त आणि पळायचा कमी. शेजारच्या क्लासवाल्या सरांच्या मते मालक दोषी. त्यांनी म्हणे चांगले खेळाडू सोडले. मी प्रत्येकाचं ऐकायचे आणि प्रत्येक वेळी मला ते पटायचं. ही माझ्यासारख्या बाईला लाज वाटावी अशी गोष्ट, पण ऐकताना खरंच पटायचं. मध्येच कोच बदलला. नवा कोच आला, तरी संघ हरतच राहिला. तेव्हा मिस्टरांनी फोलपटांची मांडणी बदलली, मत बदललं नाही.

मुलगा फोनवर फार बोलायचा नाही. "बघू," म्हणायचा. "जेवलास का?" "हो." "गुडघा?" "बरा आहे." "आणि सामना?" "बघू."

सुरुवातीला सूनबाई रजा काढून तिकडं गेली होती. मैदानात बसून तिनं सामने बघितले. दिवाळीनंतर ती नांदेडचं काम सोडून कायमची तिकडं जाणार असं ठरलेलं होतं. दिवाळी आली आणि गेली. मुलगा म्हणाला, आता हंगाम संपू दे, प्रवास फार होतोय, ती एकटी पडेल तिकडं. मला ते शहाणपणाचं वाटलं. तिच्या आईनं एकदा मला फोन करून चाचपून विचारलं, "काय हो ताई, पोरगी इथंच राहून राहिली, लोक इचारतात." मी म्हणाले, हंगाम संपू द्या. मीच सांगितलं असं.

मग एके दिवशी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लग्नातल्या मापाचा व्हिडिओ टाकला. तोही हळू करून. पाय हळूहळू वर जातोय, माप हळूहळू उडतंय, तांदूळ हवेत. खाली लिहिलेलं, "इथून सुरुवात झाली," आणि हसण्याच्या बाहुल्या. आधी थट्टाच होती. मग एका पुतण्यानं विचारलं, पाय उजवा होता का डावा? दुसऱ्यानं पुन्हा बघून सांगितलं, उजवाच. मग प्रश्न निघाला की तांदूळ घरात सांडले की उंबऱ्याबाहेर. बाहेर सांडले असतील तर लक्ष्मी बाहेर गेली. चांगली शिकलेली माणसं, कुणी बँकेत, कुणी पंचायत समितीत, दिवसभर तो व्हिडिओ पुढं-मागं करून बघत होती. टीव्हीवर पंच पेनल्टी होती की नव्हती ते बघतात, तसं.

माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "माप घरात गेलं. तांदूळ घरात सांडले. मी स्वतः झाडले आहेत. तेव्हा लक्ष्मी घरातच आली. विषय संपला."

पाठवलं आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. त्यांचं गृहीतक मुकाट मान्य करून मी त्यावर उत्तर काढून दिलं होतं. शाळेत एखादीनं असं केलं असतं तर मी वही भिरकावली असती. पण पाठवलेलं वाचून झालं होतं, आणि दोघातिघांनी अंगठेही दिले होते.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंचा फोन. त्या वाईट बाई नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी माझं सगळं केलंय. म्हणाल्या, "मी वाईट म्हनंना पोरीला. पोरगी लाखाची हाय. पर बाई, पायगुण म्हून काई असतंय का न्हाई? लग्नाच्या आदुगर पोरगं टीव्हीत झळकत व्हतं. लगीन झालं अन् बसलंच की खाली."

मी म्हणाले, "वहिनी, मी लग्न होऊन आले त्या साली तुमच्या शेतातल्या विहिरीचं पाणी आटलं होतं. ते काय माझ्या पायानं आटलं?"

त्या अगदी सहज म्हणाल्या, "आता तुला काय सांगू. म्हनत व्हतेच की समदे."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं त्या घरात वावरले, सणावाराला पुरणाचे घाणे काढले, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं की विहीर माझ्या नावावर आहे. राग कुणाचा करावा तेही कळेना. म्हणणारी निम्मी माणसं आता नाहीत. पाणी तर पुढच्याच साली परत आलं होतं. ते कुणाच्या पायानं आलं, हे तेव्हा कुणी काढलं नसणार.

त्या दिवसापासून मी ठरवलं की सुनेच्या बाजूनं उभं राहायचं. ग्रुपवर कुणी माप काढलं की मी त्याला तिथल्या तिथं झापायचे. एकाला मी आकडे मागितले, लग्नाआधीचे सामने, नंतरचे सामने, मांडून दाखव म्हणाले. तो ग्रुपमधून बाहेरच पडला. मिस्टर म्हणाले, "तू संघाच्या कोचपेक्षा चांगला बचाव करतेस." मला बरं वाटलं. घरातल्या जुन्या लोकांशी लढतेय, मुलगा आणि सून माझ्यामागं सुखरूप आहेत, असा माझा समज होता.

हंगामाचा शेवटचा सामना होता त्या दिवशी मी नांदेडला होते. माझी दाढ महिनाभर ठणकत होती आणि सूनबाई रोज फोनवर रागवत होती. शेवटी सकाळी बसनं निघाले, अहमदपूर, लोहा करत दुपारी पोचले. भावाकडं जेवले आणि संध्याकाळी तिच्या दवाखान्यात गेले. सामना त्याच वेळेला होता. मी खुर्चीवर आडवी झाले तेव्हा म्हणाले, "अगं, सुरू झाला असेल." ती हातमोजे घालत म्हणाली, "आई, आता बोलायचं नाही."

दाढ काही सरळ येईना. मुळं वाकडी होती. ती मध्येच थांबायची, एक्स-रे बघायची, पुन्हा सुरू करायची. फोन तिनं टेबलाच्या खणात टाकला होता, माझ्या देखत. एकदा खणात तो थरथरला, तरी तिनं तिकडं बघितलं नाही. सामन्याचा सगळा वेळ तिचे दोन्ही हात माझ्या तोंडात होते. दाढ निघाली, कापूस ठेवून झाला, मला उठवून बसवलं, मग तिनं हात धुतले आणि खण उघडला. मिस्टरांचा निरोप होता. संघ हरला. गोल आपल्याच मुलाच्या पायाला लागून आपल्याच जाळ्यात गेला. तिनं तो वाचला, मला दाखवला आणि म्हणाली, "आज गरम काही पिऊ नका." तोंडात कापूस असल्यामुळं मला काही बोलता आलं नाही.

मुलगा लातूरला आला. संघ पुढच्या वर्षी त्याला ठेवणार की सोडणार, ते अजून कळायचं होतं. लोक भेटायला यायला लागले. कुणी गेल्यावर येतात तसे, दबक्या पावलानं, चप्पल नीट जोडून. चहा व्हायचा. प्रत्येक जण कुणाला तरी शिव्या घालायचा, कोचला, मालकाला, पंचाला. जाऊबाई रेणापूरहून आल्या. त्याच्या शेजारी बसून त्याचा गुडघा चेपत म्हणाल्या, "येड्या, आपल्याच जाळीत कामून टाकलास रं?" त्याला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं. बाकी तो खात नव्हता. अंगावरचं पार उतरलं होतं. आम्ही सगळे एका सुरात त्याला सांगत होतो की तुझी काही चूक नाही, आणि ते ऐकून त्याचा चेहरा आणखीच पडायचा.

एका दुपारी तो स्वयंपाकघरात आला. मी कैऱ्या चिरत होते. मी म्हणाले, "आता हंगाम संपला. तिला कधी नेतोस?"

"बघू," तो म्हणाला.

"बघू काय? तिची आई विचारतेय."

त्यानं कैरीची फोड उचलली, मीठ लावलं, खाल्ली नाही. "आई, तुला खोटं वाटेल. पण तिनं बघितलेले सगळे सामने आम्ही हरलोय."

मी चाकू खाली ठेवला. "आणि तिनं न बघितलेले?"

"तेही."

"मग?"

"ते तिनं चोरून बघितले असतील."

हा मुलगा माझ्याकडं गणित शिकला होता. परदेशी कोचच्या हाताखाली खेळतो, खाण्यापिण्याचं सगळं शास्त्रानं चालतं, झोपेचंसुद्धा मोजमाप असतं. मी ग्रुपवर अख्ख्या रेणापूरशी भांडत होते, आणि हा इथं. मी विचारलं, "म्हणून तू तिला तिकडं नेली नाहीस?"

तो म्हणाला, "मी तिला वाईट म्हणत नाही आई." अगदी जाऊबाईंच्या शब्दांत. "मी फक्त म्हणालो, काही दिवस बघू नको. टीव्हीवर पण नको. पण तिला राहवत नाही. शेवटचा पण बघितला तिनं. तिनंच कबूल केलं."

"शेवटचा?"

"हो. मी विचारलं, ती हो म्हणाली."

माझी जीभ आपोआप दाढेच्या खड्ड्यात गेली. जखम अजून ओली होती. त्याला तिथंच सांगायला हवं होतं की बाबा, त्या वेळी ती माझ्यासमोर होती. पण तो खोटं बोलत नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. ती खोटं का बोलली असेल? न केलेल्या गोष्टीची कबुली कुणी देतं का? मी कैऱ्या चिरायला लागले. तो निघून गेला.

शनिवारी सूनबाई नांदेडहून आली. आल्या आल्या तिनं माझं तोंड उघडून जखम बघितली. मग मी तिला कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर नेलं आणि सरळ विचारलं. ती चादर झटकत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी बघू नको म्हटलं तेव्हापासून मी एक पण सामना बघितला नाही. हरले की फोन यायचा, बघितलास का? मी नाही म्हणायचे. मग ते गप्प. नुसते गप्प, आई. श्वास ऐकू यायचा. शेवटच्या दिवशी पण विचारलं. मी म्हटलं, हो, बघितला. ते म्हणाले, मग ठीक आहे. आणि झोपले. फोन चालूच होता, घोरणं ऐकू आलं मला."

"पण तू अंगावर का घेतलंस गं?"

"तिकडं खोलीत एकटे होते," ती म्हणाली. "काहीतरी करून बसले असते म्हणजे? मला इथं तुम्ही सगळे आहात."

मला तिचा राग आला, आधी तेच सांगते. इतकी शिकलेली मुलगी, आणि असलं खोटं बोलून आयती दोषी होऊन बसली. मग त्याचा राग आला. मग माझा, कारण मी तिच्यासाठी लढतेय म्हणत होते आणि तिला तसं काही विचारलंच नव्हतं. आणि ती बोलली त्यामुळं माझं पोरगं त्या दिवशी झोपलं, याचं बरंही वाटलं. हे सगळं एकाच वेळी. त्यातलं कुठलं खरं धरावं, ते मला तिथं उन्हात उभं राहून ठरवता येईना.

ती चिमटे लावत म्हणाली, "एवढा एक सीझन घेतला मी अंगावर. पुढचा नाही घेणार."

मी खाली आले. मुलगा बैठकीत सोफ्यावर बसून फोनमध्ये तोच गोल बघत होता. मिस्टर समोर शेंगा फोडत होते. मी थांबले असते तर मला पुन्हा सुचलं नसतं, म्हणून उभ्यानंच सांगितलं. "शेवटचा सामना तिनं बघितला नाही. सगळा वेळ ती माझी दाढ काढत होती. फोन खणात होता. मी स्वतः बघितलंय."

त्यानं मान वर केली. "मग ती हो का म्हणाली?"

"तुला झोप लागावी म्हणून."

मिस्टरांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. मग त्यानं फोन माझ्यापुढं धरला. चेंडू डावीकडून येतोय, हा धावतोय, पाय पुढं टाकतोय, चेंडू नडगीला लागून जाळ्यात. "मग हा माझ्यामुळं झाला?" तो म्हणाला. "आई, सांग ना. माझ्यामुळं झाला का?"

आयुष्यभर मी चुकीवर बोट ठेवत आले. आणि त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघालं, तर "मैदान ओलं असेल रे."

"नव्हतं."

"कोचनं तुला इतकं पुढं पाठवलं नसतं तर," मिस्टरांनी सुरू केलं आणि मध्येच सोडलं.

सूनबाई जिन्यावरून रिकामी बादली घेऊन आली होती. तिनं बादली भिंतीशी ठेवली, त्याच्या हातातून फोन घेतला आणि तो गोल पहिल्यांदा बघितला. शेवटपर्यंत बघितला. मग एकदा पुन्हा लावला.

"हो," ती म्हणाली. "हा तुमच्यामुळं झाला." दवाखान्यात ती पेशंटला दात काढावा लागेल असं सांगते, तो आवाज. "हा एक. आख्खा सीझन नाही."

मला वाटलं, आता संपलं. आम्ही इतक्या दिवसांत जे शब्द तोंडातून निघू दिले नव्हते, ते तिनं उभ्यानं सांगून टाकले. मग त्याचे खांदे हलायला लागले. लहानपणी गुडघे फोडून आला तरी न रडणारा मुलगा, तो आम्हा तिघांसमोर मोठ्यानं रडला. मिस्टर उठून उगाचच फोलपटं गोळा करायला लागले. ती त्याच्या शेजारी बसली.

त्या दिवशी तो जेवला. दोनदा भात मागून घेतला. इतके महिने आम्ही त्याला तुझी चूक नाही म्हणत होतो आणि तो वाळत चालला होता. तिनं चूक आहे म्हटलं आणि त्याला भूक लागली. यात बरं वाटण्यासारखं काय होतं, हे मी खूप वेळा माझ्याशीच मांडून बघितलंय. उत्तर येत नाही.

जेवताना त्यानं तिला विचारलं, "मग येतेस ना तिकडं?" संघ त्याला ठेवणार की नाही, ते अजून कळलं नव्हतं, म्हणजे कुठं यायचं ते त्यालाही माहीत नव्हतं.

"येते," ती म्हणाली. "पण मी बघणार."